वाळूचोर पळून जातो, खड्डा तिथंच राहतो

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, मेट्रिक हिशेबात २.८३ घनमीटर. गावाकडच्या ट्रॅक्टर ट्रॉलीत साधारण एवढीच वाळू बसते. कोरडी असेल तर वजन साडेचार टनांच्या आसपास भरतं, पात्रातून ओली उचलली तर पाच टनांच्या पुढं जातं. वाळूचोरीची बातमी येते ती बहुतेक ब्रासमध्ये आणि रुपयांत: इतके ब्रास जप्त, इतका मुद्देमाल. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात मात्र तो ब्रास लिटरमध्येही मोजायला हवा.

कारण असं. येरळा, अग्रणी, माणगंगा या नद्या वर्षातले बरेच महिने वरून कोरड्या दिसतात, पण पात्रातल्या वाळूच्या थरात पाणी असतं. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत ते साठतं आणि हळूहळू काठच्या विहिरींकडं सरकतं. पाण्यानं भरलेल्या वाळूतून तिच्या आकारमानाच्या साधारण २० ते २५ टक्के पाणी मोकळं होऊन विहिरीला मिळू शकतं. म्हणजे पाण्याखालची एक ब्रास वाळू गेली की ५५० ते ७०० लिटर साठवणूक गेली. ती एकदाच जात नाही. नदी वाहून थर जितक्या वेळा भरला असता, तितक्या वेळा जाते. उघड्या पडलेल्या डबक्यातलं पाणी तर उन्हानं सरळ उडून जातं. वाळूखालचं पाणी हात-दीड हाताच्या खाली असलं की उन्हाला फारसं सापडत नाही.

आता एक खड्डा धरा: २० मीटर लांब, ८ मीटर रुंद, दीड मीटर खोल. २४० घनमीटर, म्हणजे जवळपास ८५ ब्रास. एक पोकलेन आणि आठ-दहा डंपर असतील तर हे एका रात्रीचं काम आहे. तो सगळा थर ओला असेल तर साठवणूक गेली ४८ ते ६० हजार लिटरची. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापानं हजार वस्तीच्या गावाचं हे एका दिवसाचं पाणी. असे खड्डे कधी एकटे नसतात, आणि नदी दोनदा-तीनदा वाहिली तर हिशेबही तितक्या पट होतो.

या भागात टेंभू, ताकारी, म्हैसाळ आणि जिहे-कठापूर योजनांचं पाणी वीज जाळून वर चढवलं जातं आणि काही ठिकाणी नद्या-ओढ्यांतून पुढं सोडलं जातं. पात्रात वाळू असेल तर त्यातलं बरंचसं मुरून काठाला मिळतं. वाळू उपसून मुरूम आणि खडक उघडा पडला असेल, तर तेच पाणी झरझर पुढच्या गावाला निघून जातं. मग आवर्तन आलं तरी आमच्या विहिरीला पाणी का नाही, यावरून दोन गावांत भांडण लागतं. ज्यानं वाळू नेली तो त्या भांडणात कुठंच नसतो.

बंधारा, जॅकवेल, रस्ता

पाण्याखेरीज नुकसान होतं ते बांधकामांचं. पात्रात खोल खड्डा पडला की त्याच्या वरच्या अंगाला पात्राचा उतार अचानक वाढतो. पुढच्या पुरात पाणी त्या तोंडाशी जोरानं खाली पडतं आणि तोंड मागं मागं, म्हणजे नदीच्या वरच्या बाजूला, खात जातं. खड्डा बंधाऱ्यापासून दोनशे मीटर खाली काढला म्हणून बंधारा वाचला असं होत नाही. एक-दोन पावसाळ्यांत ती धूप त्याच्या पायाशी पोचू शकते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा खालचा काँक्रीटचा फरसा आधी खालून पोकळ होतो, मग तडकतो, मग बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले तरी पाणी पायाखालून वाहत राहतं. गावात तक्रार होते ती बर्गे गळतात म्हणून. बर्गे बदलले जातात, गळती तशीच राहते.

पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलचं, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीचं, तसंच. पात्राची पातळी मीटरभर खाली गेली की उन्हाळ्यात पाणी जॅकवेलच्या आत येणाऱ्या भोकांच्या खाली उतरतं. मोटार चांगली, वीज आहे, नदीत डबकंही दिसतंय, पण विहिरीत पाणी नाही. मग चर खोदून डबक्याचं पाणी जॅकवेलकडं वळवतात. ते वाळूतून गाळून आलेलं नसतं, गढूळ असतं. शुद्धीकरणाचा खर्च ग्रामपंचायतीवर पडतो.

गावरस्ता हलक्या वाहनांसाठी बांधलेला असतो. क्षमतेपेक्षा जास्त भरलेले डंपर रोज रात्री गेले की एका पावसाळ्यात त्याची खडी वर येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पात्रातले खड्डे पुराच्या पाण्यानं भरले की वरून दिसत नाहीत. जिथं गुडघाभर पाणी असायचं तिथं पुरुषभर होतं. पोहायला गेलेली पोरं आणि पाणी पाजायला नेलेली जनावरं त्यात जातात.

कृष्णाकाठी चित्र वेगळं आहे. कराडच्या खाली, वाळवा, पलूस, मिरज भागात नदी बारमाही असल्यामुळं यांत्रिक बोट आणि सक्शन पंप लावून पाण्याखालून वाळू ओढली जाते. तिथला दुसरा चोरटा माल म्हणजे काठाची पोयट्याची माती, जी वीटभट्टीला जाते. काठ उभा तासला की पुढच्या पुरात मळीची जमीन ढासळते, आणि ढासळते ती बहुधा शेजाऱ्याची. याच काठांवर मगरी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास वाळूत, मऊ मातीत खड्डा करून अंडी घालतात. मगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरटं असलेला काठ कुणी खोदत असेल तर महसूल खात्याबरोबर वनखात्यालाही लेखी कळवा. वनखात्याची कारवाई स्वतंत्र चालते.

वाळूवर गावाचा हक्क काय, हा प्रश्न या मातीत नवा नाही. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी येरळेच्या वाळूवरच हा वाद उभा केला होता. ठेकेदार वाळू नेतात, नदी आटते, गावाच्या वाट्याला दुष्काळ येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं त्यांनी मर्यादित वाळू विकून त्या पैशातून आणि अंगमेहनतीतून बळीराजा स्मृती धरण बांधलं. पाण्याच्या वाटपात भूमिहीनांनाही हिस्सा ठेवला. वाळूला हातच लावू नये, असं ते म्हणत नव्हते. किती काढायची हे कोण ठरवणार आणि पैसा कुणाकडं जाणार, हा त्यांचा मुद्दा होता. आजही वादाचं मूळ तेच आहे.

उपसा बेकायदा केव्हा ठरतो

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणं खनिजं सरकारच्या मालकीची. पात्र आमच्या गटाला लागून आहे, म्हणून वाळू आमची, हे चालत नाही. कायदेशीर उपशाला घाटाचा (म्हणजे वाळू काढायला ठरवून दिलेल्या पात्राच्या तुकड्याचा) लिलाव किंवा परवाना, पर्यावरण मंजुरी आणि प्रत्येक खेपेला ऑनलाइन वाहतूक पास लागतो. पाच हेक्टरपेक्षा लहान घाटालाही पर्यावरण मंजुरी हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात ठरवून दिलं. त्यानंतर केंद्राची २०१६ आणि २०२० ची वाळू उपशाची मार्गदर्शक तत्त्वं आली.

त्यामुळं चोरीचे दोन प्रकार होतात. पहिल्यात कसलाच परवाना नसतो, तो ओळखायला सोपा. दुसऱ्यात परवाना असतो आणि अटी मोडल्या जातात. खरा मोठा उपसा बऱ्याचदा याच दुसऱ्या प्रकारात होतो. तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यातलं जे आधी लागेल त्याच्या खाली खोदायचं नाही. काठापासून पात्राच्या रुंदीचा पाव भाग, निदान साडेसात मीटर, सोडायचा. रात्री उपसा नाही. १० जून ते ३० सप्टेंबर, पावसाळ्यात उपसा नाही. सक्शन पंप नाही. पूल, बंधारा आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासूनचं अंतर त्या घाटाच्या मंजुरीपत्रात मीटरमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून घाटाचा लिलाव झाला असं कळलं की मंजुरीपत्राची प्रत मिळवणं हे गावाचं पहिलं काम. घाटाच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश त्यात असतात. लिलाव एका जागेचा आणि उपसा दुसऱ्याच जागी, ही जुनीच युक्ती आहे, आणि फोनमधल्या नकाशावर ती पाच मिनिटांत उघडी पडते.

दंड कसा बसतो

अनधिकृत उपसा किंवा वाहतूक सापडली तर संहितेच्या कलम ४८(७) खाली वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. त्यात ब्रासमागं ६०० रुपयांचं स्वामित्वधन (रॉयल्टी) वेगळं. शिवाय कलम ४८(८) खाली वाहन आणि यंत्र जप्त होतं. ते सोडवायला जातमुचलका आणि वाहनाचा दंड भरावा लागतो: २०१८ च्या नियमांनी ट्रॅक्टर-ट्रॉलीला १ लाख, मोठ्या ट्रक-डंपरला २ लाख, पोकलेनला साडेसात लाख रुपये. वाळूचा भाव ब्रासला ६,००० रुपये धरला, तर एका ट्रॉलीवर ३० हजार, अधिक ६००, अधिक १ लाख. वरच्या ८५ ब्रासच्या खड्ड्याचा नुसता पाचपट दंडच २५ लाख ५० हजार होतो. पण तो खड्डा कुणीतरी मोजून कागदावर आणला तरच. वाहन पकडलं की दंड त्या एका खेपेचा होतो, खड्ड्याचा होत नाही. हा फरक नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

फौजदारी बाजू वेगळी. खाण व खनिज कायदा, १९५७ च्या कलम २१ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण न्यायालय त्याची दखल अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरच घेतं. पोलीस ठाण्यात बऱ्याचदा “हे महसूलचं काम, तहसीलला जा” असं सांगतात ते याचाच आधार घेऊन. हे उत्तर अर्धवट आहे. सरकारी वाळू नेणं ही चोरीही आहे आणि तिचा गुन्हा स्वतंत्र चालू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दिल्ली राज्य विरुद्ध संजय या निकालात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३(२). बंधाऱ्याला किंवा पाटबंधाऱ्याच्या कामाला इजा झाली असेल तर कलम ३२६ लागू शकतं, कारवाईला गेलेल्या कर्मचाऱ्याच्या अंगावर कुणी गेलं तर १३२. पुन्हा पुन्हा तेच करणाऱ्या वाळू तस्कराला एमपीडीए या धोकादायक गुन्हेगारांना रोखणाऱ्या कायद्याखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं.

मग केस पडते कुठं

कायदा तोकडा पडतो म्हणून वाळूचोर सुटतात, असं फारसं होत नाही. सुटतात ते पंचनाम्यामुळं.

“अंदाजे एक ब्रास वाळू मिळून आली” हे वाक्य अपिलात टिकत नाही. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि वाळूची उंची फुटात लिहायला हवी: १० बाय ६ बाय पावणेदोन म्हणजे १०५ घनफूट. नंबरप्लेट पुसलेली असेल तर चेसिस आणि इंजिन क्रमांक हवा, नाहीतर महिन्याभरानं मालक म्हणतो ही गाडी माझी नाहीच. पंच म्हणून तेच ते दोघं प्रत्येक पंचनाम्यावर असले की वकिलाला आयतं कोलीत मिळतं. वाळू कुठून आली हे लिहिलेलं नसेल तर “जुना साठा होता”, “शेजारच्या जिल्ह्यातल्या लिलावाचा माल आहे” हा बचाव उभा राहतो. म्हणून वाहतूक पास त्याच क्षणी तपासून त्याची वेळ नोंदवावी लागते. दोन-चार तासांनी आणून दिलेला पास बघत बसायचं कारण नाही.

अधिकारांचा घोळ हे दुसरं कारण. वाळूवरचा दंड तहसीलदार करू शकतात. पण जप्त वाहन अठ्ठेचाळीस तासांत जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढं, म्हणजे व्यवहारात प्रांतांपुढं, जायला हवं, आणि ते सोडण्याचा निर्णय त्यांचा. तहसीलदारांनी एकाच आदेशात दोन्ही दंड लावले की वाहनाचा भाग उच्च न्यायालयात रद्द होतो. असे निकाल मुंबई उच्च न्यायालयानं अनेकदा दिले आहेत. नोटीस न देता, म्हणणं ऐकून न घेता काढलेला आदेशही असाच पडतो. चोर निर्दोष असतो असं नाही, कागद लंगडा असतो.

तिसरं कारण सगळ्या गावाला माहीत असतं. तहसीलची गाडी निघाली की चौकाचौकात मोटारसायकलवर बसलेली पोरं फोनवर लोकेशन देतात. पथक नदीत पोचेपर्यंत पात्र रिकामं. पण त्या वेळीही खड्डा तिथंच असतो, ताजा, चाकांच्या खुणांसकट. रात्री पाठलाग करण्यात जीव धोक्यात घालण्यापेक्षा सकाळी टेप घेऊन जाणं जास्त कामाचं, आणि ते गाव स्वतः करू शकतं.

नदी मोजायची कशी

हे काम ग्रामसभेच्या ठरावानं सुरू करा. ठरावात मोजणी कोण करणार, कुठं करणार आणि नोंदवही कुणाकडं राहणार हे लिहा. तलाठ्यांना (नवं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) आणि पोलीस पाटलांना लेखी निमंत्रण द्या. आले तर सही घ्या, नाही आले तर निमंत्रणाची पोच जपून ठेवा.

पात्राच्या तीन जागा निवडा: बंधाऱ्याच्या खाली, जॅकवेलजवळ, आणि जिथं उपशाचा संशय आहे तिथं. प्रत्येक जागी दोन्ही काठांवर न हलणारी खूण हवी. पुलाचा खांब किंवा जुन्या घाटाची पायरी चालते. झाड, विजेचा खांब, शेताची हद्द चालत नाही. ऑइलपेंटनं आडवी रेघ मारा आणि फोटो काढा. दोन खुणांमध्ये टेप ताणा, दर पाच मीटरला पात्राची खोली घ्या. पातळी साधायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. पात्र रुंद असेल तर टप्प्याटप्प्यानं सरकवत न्यायची. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चार-पाच इंचांनी सहज चुकतं, म्हणून प्रत्येक टप्प्यावर तो बघायचाच. तालुक्याच्या गावी सर्वेक्षण करणाऱ्यांकडं ऑटो लेव्हल दिवसभरासाठी भाड्यानं मिळाली तर आणखी उत्तम.

मोजणीची वेळ महत्त्वाची. पूर आला की नदी स्वतःच पात्र बदलते, वाळू आणते आणि नेते. गेल्या मे महिन्याचं माप या मे महिन्याशी लावलं तर समोरचा सरळ म्हणेल, पुरानं नेली. म्हणून एक मोजणी नोव्हेंबर-डिसेंबरात, पाऊस संपून पात्र स्थिरावल्यावर, आणि दुसरी त्याच हंगामात एप्रिलअखेर. मधल्या काळात पूर नाही. पात्र मीटरभर खाली गेलं असेल तर त्याला दुसरं कारण उरत नाही. योजनेचं पाणी पात्रात सोडलं असेल तर त्या आवर्तनाच्या तारखा वहीत लिहा, कारण तो बचाव पुढं येणारच. पहिली मोजणी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचा, दुसरी १ मे च्या. दोन्ही इतिवृत्तात आल्या की तो ग्रामपंचायतीचा अभिलेख झाला.

विहिरींचंही तसंच. नदीपासून शंभर-दोनशे मीटरवरच्या दोन-तीन विहिरी आणि किलोमीटरभर लांबची एक. काठावर रंगाची खूण, तिथून पाण्यापर्यंतचं अंतर, सकाळी, रात्रभर मोटार बंद ठेवून. मोटार चालू असताना घेतलेलं माप निरुपयोगी. लांबच्या विहिरीची पातळी नेहमीसारखी आणि नदीकाठच्यांची नेहमीपेक्षा जास्त खाली, असं दिसलं तर बोट पात्राकडं जातं. सगळ्याच उतरल्या असतील तर पाऊस आणि उपसा सिंचन आधी तपासा. उगाच वाळूवर ढकलू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या नोंदी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. जवळच्या विहिरीचे आकडे त्यांच्या जिल्हा कार्यालयात मागता येतात.

ताजा खड्डा दिसला तर दिवसाउजेडी, चार-पाच जणांनी मिळून, लांबी-रुंदी आणि निदान पाच ठिकाणची खोली घ्या. सरासरी खोलीनं गुणा, आलेल्या घनमीटरला २.८३ नं भागा: ब्रास. मोजपट्टी दिसेल असे फोटो काढा, स्थान आणि वेळ उमटवणाऱ्या कॅमेऱ्यानं. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथंच राहू द्या. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या फोटोतून स्थान-वेळेची माहिती गळून जाते, आणि न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र मूळ उपकरणाचं लागतं. गुगल अर्थवर जुनी उपग्रह चित्रं तारखेवार बघता येतात. दोन वर्षांपूर्वीचं पात्र आणि आजचं शेजारी शेजारी ठेवलं की अधिकाऱ्यांना फार समजवावं लागत नाही.

रात्री पात्रात उतरू नका, गाडी आडवू नका, टायरची हवा सोडू नका. हे मारहाणीच्या भीतीपुरतंच नाही. तुमच्यावरच गुन्हा दाखल झाला की मूळ विषय बाजूला पडतो. रात्री काही दिसलं तर ११२ ला फोन करा आणि वेळ लिहून ठेवा.

तक्रार

“आमच्या नदीत राजरोस वाळूउपसा चालू आहे, कारवाई व्हावी” या अर्जाचं काही होत नाही. अर्जात नदी, काठाचा गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, उपशाची वेळ, वाहतुकीचा रस्ता, साठा ज्या गटात आहे तो क्रमांक, खड्ड्याचं माप आणि ब्रास येऊ द्या. मागणी नेमकी करा: खड्ड्याची मोजणी करून कलम ४८(७) खाली कारवाई करावी, साठ्याचा पंचनामा करावा. अर्ज तहसीलदारांना, प्रती प्रांत, जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना. आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तालुक्यात दाद लागली नाही तर तिसऱ्या सोमवारचा तालुका लोकशाही दिन, त्यानंतर पहिल्या सोमवारचा जिल्ह्याचा.

साठ्याबद्दल एक सूचना शेतकऱ्यांना. दोन-चार हजारांसाठी रानात वाळूचा ढीग टाकू देऊ नका. पंचनामा त्या गटाचा होतो, दंडाची नोटीस सातबारावरच्या नावानं येते, आणि न भरलेला दंड जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होतो. सातबारावर बोजा चढला की सोसायटीचं कर्ज थांबतं. तुमच्या नकळत कुणी ढीग टाकला असेल तर त्याच दिवशी तलाठ्यांना लेखी कळवून पोच घ्या.

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणं अर्ज टपालानं अधीक्षकांना, आणि तिथंही झालं नाही तर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडं.

माहितीचा अधिकार इथं फार उपयोगी आहे, पण नेमका वापरला तर. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. “वाळूबाबत सर्व माहिती” मागू नका. अमुक तारखांमधले पंचनामे, दंडाचे आदेश, वसुलीची नोंदवही आणि त्या घाटावरून निघालेल्या वाहतूक पासांची यादी मागा. पासांवर हजार ब्रास आणि तुमच्या मोजणीत पात्रातून गेलेले चार हजार, ही तफावत म्हणजेच पुरावा. वसुलीची वही तर हटकून मागा. आदेश लाखाचे असतात, जमा रक्कम बघितली की कळतं.

नुकसान मोठं असेल, म्हणजे जॅकवेल बंद पडली, बंधारा खचला, तर पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ आहे. वकील सक्तीचा नाही, नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. मुदत मात्र पाळा: पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने, नुकसानभरपाई आणि पूर्ववत करण्याच्या मागणीसाठी पाच वर्षं. खड्डा पहिल्यांदा कधी दिसला त्याची तारीख म्हणूनच वहीत हवी. न्यायाधिकरण पत्राचीही स्वतःहून दखल घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये मान्य केलं. पण मापं जोडलेला अर्ज आणि नुसतं गाऱ्हाणं यांत फरक पडतोच.

वाळू विकत घेताना

चोरीचा माल शेवटी कुणाच्या तरी दारात उतरतो. ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी वाहतूक पास मागा. त्यावर वाहन क्रमांक, ब्रास, माल कुठून निघाला, कुठं जाणार आणि पास किती वाजेपर्यंत चालतो हे असतं. महाखनिज या शासनाच्या ऑनलाइन प्रणालीवर पासचा कोड तपासून घेता येतो. पासवरचा क्रमांक समोरच्या गाडीचा आहे का, ठिकाण तुमचंच गाव आहे का, वेळ संपली तर नाही ना, एवढं बघा. एकाच पासवर चार खेपा हा रोजचा प्रकार आहे आणि तो वेळेवरून पकडता येतो.

स्लॅब आणि पायाच्या काँक्रीटला खडी फोडून केलेली कृत्रिम वाळू चालते. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत तिला जागा आहे. घेताना मुठीत दाबून बघा: हाताला पांढरी भुकटी फार लागली तर ती क्रशरची नुसती धूळ आहे, तिला पाणी जास्त लागतं आणि काँक्रीट कमजोर होतं. गिलाव्याला वेगळी बारीक, धुतलेली मागावी लागते. क्रशरला दगड ज्या खाणीतून येतो तिच्या परवान्याचे प्रश्न असतातच, पण निदान नदीचं पात्र तरी सुटतं. घरकुलाच्या लाभार्थ्यांना शासनाच्या वाळू धोरणात पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे. मंजुरीचा आदेश जोडून तहसील कार्यालयात अर्ज करा, आणि तो पाया खणायच्या आधीच करा, कारण घाट सुरू नसेल तर महिनोन्महिने थांबावं लागतं आणि नेमक्या त्याच वेळी रात्रीच्या ट्रॉलीवाल्याचा फोन येतो.